नगरच्या किल्ल्यातले कैदी आणि अंगावरून गेलेले वारे

नगरचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बारा पुढारी सरकारने याच किल्ल्यात आणून ठेवले. पंडित नेहरूंनी इथे ‘भारताचा शोध’ लिहिला, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण या बाराजणांपैकी तिघांना पुढे एकाच दुखण्याने गाठले, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मौलाना आझाद फेब्रुवारी १९५८ मध्ये आणि गोविंद वल्लभ पंत मार्च १९६१ मध्ये पक्षाघाताने गेले. नेहरूंना जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या अधिवेशनात झटका आला. त्यातून ते उठले, कामालाही लागले, पण पूर्वीचा जोम काही परत आला नाही. मे महिन्यात त्यांचे निधन झाले.

आणि ज्यांच्या राजवटीत हे सारे तुरुंगात पडले, ते चर्चिलसाहेब? त्यांनाही हे दुखणे चुकले नाही.

आपल्याकडे म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ शब्द मोठा बोलका, पण फसवा. वाऱ्याचे नाव निघाले की घरचे लोक खिडक्या लावतात, तेल चोळतात, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगतो. खरे तर वारा कुठेच नसतो. मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. पाटाचे पाणी अडले की पुढचे वाफे वाळतात, आणि पाट फुटला तरी ते तसेच कोरडे राहतात. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, उजव्या भागाला झाली तर डावे. दुखणे डोक्यात आणि आपण चोळतो हात!

या दुखण्याचे मोठे कारण म्हणजे रक्तदाब. तो नळी लावून मोजण्याची रीत कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ मध्येच दाखवली होती. पण मोजला तरी उतरवायचा कशाने? अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६ वर १०८ भरला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला डॉक्टरांनी सांगितले काय, तर विश्रांती घ्या, मीठ आणि सिगारेट कमी करा. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकारासमोर बसले असता त्यांनी डोक्यात भयंकर कळ आल्याचे सांगितले आणि दोन-अडीच तासांत ते गेले.

पुढे चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांवर तपासून विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. जगाने त्याची दखल घेतली. आज सर्पगंधेच्या जागी त्याहून चांगली औषधे आली आहेत. रूझवेल्टना जी गोळी मिळाली नाही, ती आज गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. अडचण निराळीच आहे. दाब दुखत नाही. महिनाभर गोळी घेऊन बरे वाटले की आपण ती बंद करतो, आणि भाकरीबरोबर ठेचा, लोणचे, पापड, वर तंबाखूची चिमूट चालूच! तीस वर्षांच्या पुढे प्रत्येकाने दाब मोजून घ्यावा. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वरचेवर जात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नये.

आता चर्चिलसाहेबांकडे वळू. जून १९५३ मध्ये, पंतप्रधान असताना, मेजवानीनंतर त्यांना खुर्चीतून उठता येईना आणि बोलणे जड झाले. पाहुण्यांना वाटले, स्वारीला जरा जास्त झाली! आपल्या बाजारातही असेच होते. बोबडे बोलणारा, झोकांड्या खाणारा माणूस दिसला की लोक ‘प्यायलाय’ म्हणून बाजूला होतात. अशा माणसाला हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढले जाते का पाहा. दोन्ही हात वर धरायला सांगा, एक खाली घसरतो का पाहा. एखादे वाक्य म्हणवून घ्या. यातले एक जरी बिघडले असेल तरी १०८ ला फोन लावा. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका, ठसका लागून जीव जाईल. ही लक्षणे दहा-पंधरा मिनिटांत गेली तरी दवाखाना टाळू नका. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

त्रास किती वाजता सुरू झाला, ते मात्र नक्की लिहून ठेवा. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा गुण १९९५ मध्ये सिद्ध झाला, पण ते साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. आणि नळी तुंबली आहे की फुटली आहे, हे सी.टी. स्कॅन केल्यावरच कळते. फुटली असताना ते औषध दिले तर घात होतो. म्हणूनच घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नये.

गडचिरोलीच्या ८६ गावांत डॉक्टरांनी मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा सातांतला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला, आणि त्यांतली बहुतेक माणसे घरीच गेली होती. आपल्याकडे अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या टोकावरून निघालेली गाडी आधी जवळच्या लहान दवाखान्यात थांबते, तिथून दुसरीकडे पाठवतात, आणि साडेचार तास वाटेतच सरतात. शिक्षक बंधुभगिनींनो, रात्रंदिवस स्कॅन होईल असे आपल्या गावाला सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, याची चौकशी एकदा मुलांना करायला लावा आणि उत्तर शाळेच्या फळ्यावर लिहा.