सहसंबंधविषयक शब्दप्रयोग
दोन चल राशींमधील निकट संबंध व्यक्त करण्यासाठी इंग्रजीत ‘स्ट्राँग कोरिलेशन’, ‘हायली सिग्निफिकंट’ इ. शब्दप्रयोग रूढ आहेत. मराठीत त्यांसाठी अनुक्रमे ‘दृढ (वा प्रबल) सहसंबंध’ व ‘अतिसार्थ’ असे शब्द योजतात. व्यवहारात ते समानार्थी मानले जातात. पण ते तसे नाहीत. पहिला संबंधाची निकटता दाखवितो. दुसरा, असा संबंध केवळ यदृच्छेने दिसण्याचा संभव किती अल्प आहे, हे सांगतो. निरीक्षणे पुष्कळ असल्यास दुर्बल संबंधही अतिसार्थ ठरतो. ‘प्रबल’ या शब्दाने तर एक राशी दुसरीस ओढून नेते असा भास होतो. गुणांकात कार्यकारणभाव मुळीच अभिप्रेत नाही.

‘कोरिलेशन’ हा जीवविज्ञानातील शब्द फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ मध्ये मापनाच्या कक्षेत आणला. कार्ल पीअर्सन यांनी १८९६ मध्ये –१ ते +१ या मर्यादांतील गुणांकास गणिती बैठक दिली. गुणांक ०·६ असल्यास एका राशीतील विचरणाचा केवळ ३६ टक्के भाग दुसरीच्या साहाय्याने स्पष्ट होतो. ‘दृढ’ या विशेषणाने ही मर्यादा झाकली जाते.

भारतात या भाषेची खरी कसोटी पावसाच्या पूर्वानुमानात लागली. वेधशाळांचे महासंचालक (१९०४–२४) गिल्बर्ट वॉकर यांनी हिमालयातील बर्फ, मॉरिशस व दक्षिण अमेरिका येथील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस यांचा मॉन्सूनशी असलेला सहसंबंध तपासला. अनेक घटक चाचपले असता त्यांतील सर्वांत मोठा गुणांक योगायोगानेही मोठा दिसतो, हा इशारा त्यांनीच १९१४ मध्ये दिला होता. तो पुढे पुरेसा लक्षात राहिला नाही. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांचे सोळा घटकांचे प्रतिमान अनेक वर्षे वापरात होते. २००२ मध्ये मात्र सर्वसाधारण पावसाचे अनुमान असताना प्रत्यक्षात तो सु. १९ टक्के कमी पडला. काही घटकांचा सहसंबंध क्षीण झाल्याचे आढळल्याने २००३ मध्ये नवी प्रतिमाने स्वीकारण्यात आली.

शिवाय देशाच्या सरासरीशी असलेला दृढ संबंध एखाद्या गावास लागू पडतोच असे नाही. परभणी–पूर्णा लोहमार्गावरील पिंगळी (जि. परभणी) येथील कोरडवाहू पेरणी पहिल्या पावसाच्या वेळेवर व नंतरच्या खंडावर अवलंबून असते, चार महिन्यांच्या अखिल भारतीय आकड्यावरून त्यांपैकी कशाचाच बोध होत नाही.