परभणी जिल्ह्यातील जलाशय आणि पाणबुड्यांचे प्रशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पाण्याखाली उतरण्याचा विषय निघाला की महाराष्ट्रात मालवण-तारकर्लीचे नाव प्रथम घेतले जाते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या परभणी जिल्ह्याचा या विषयाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या, त्यांवरील जलाशय, जायकवाडीचा डावा कालवा आणि गावोगावच्या विहिरी-बारवा यांमुळे खोल पाणी हा येथील जनजीवनाचा भाग आहे. उन्हाळ्यात येथील पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, तर थंडीच्या लाटेत तो 5 अंशांच्याही खाली उतरतो. अशा प्रदेशात बुडी घेण्याचे कौशल्य कसे घडले आणि आधुनिक प्रशिक्षणाने येथील परिस्थितीची कोणती दखल घ्यावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

विहिरीतील परंपरा

मराठवाड्यात पोहण्याची पहिली शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून मुलांना पाण्यात सोडण्याची रीत होती. चारठाणा (ता. जिंतूर) व वालूर (ता. सेलू) येथील बारवा या प्रदेशाच्या जलस्थापत्याची साक्ष देतात. विहिरीत पडलेले भांडे गळ टाकून निघाले नाही, तर दम धरून तळ गाठणारा माणूस बोलावला जाई. नदीकाठी हे काम प्रामुख्याने भोई व कोळी समाजातील मच्छीमारांकडे असे. भूजलाचे तापमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळपास राहत असल्याने विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार व हिवाळ्यात कोमट लागते. हवेतील टोकाच्या तापमानापासून पाण्यात आसरा मिळतो, हा अनुभव या परंपरेच्या मुळाशी होता.

धरणांनंतरचा बदल

1960 च्या दशकात पूर्णा प्रकल्पांतर्गत येलदरी (ता. जिंतूर) व सिद्धेश्वर ही धरणे उभी राहिली. यांपैकी सिद्धेश्वर धरण 1 मे 1999 रोजी निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यात गेले. येलदरी धरणाची उंची सुमारे 50 मीटर आहे. विहिरीचा तळ एका दमात गाठता येत असे. धरणाच्या भिंतीलगतच्या गढूळ व काळोख्या खोलीपुढे ते कौशल्य अपुरे पडू लागले. पाण्याची खोली एका पिढीत बदलली, मात्र त्यात उतरणाऱ्याची साधने तीच राहिली.

सरोवरांतील बुडीचे शास्त्र

ही साधने जगात अन्यत्र विकसित होत होती. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी केलेल्या संशोधनातून 1908 मध्ये पाण्यातून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध झाली. 1943 मध्ये फ्रान्समध्ये झाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग सिद्ध केले व स्कूबा बुडीचा मार्ग मोकळा झाला. परंतु ही कोष्टके समुद्रसपाटी गृहीत धरून रचलेली होती. स्वित्झर्लंडमध्ये समुद्र नाही. त्यामुळे तेथील पाणबुड्यांना डोंगरी सरोवरांचाच विचार करणे भाग होते. हानेस केलर यांनी 1961 मध्ये माज्जोरे सरोवरात सुमारे 220 मीटर खोली गाठली. त्यांचे सहकारी व झुरिकचे वैद्यकतज्ज्ञ आल्बर्ट ब्यूलमान यांनी पुढे उंचावरील सरोवरांसाठी स्वतंत्र कोष्टके तयार केली. समुद्र नसलेल्या देशाने आपल्या पाण्याचे शास्त्र स्वतः घडविल्याचे हे उदाहरण आहे.

परभणीच्या संदर्भातील अर्थ

येलदरी जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर आहे. साधारण 300 मीटरपेक्षा अधिक उंचीवरील बुडी ही प्रशिक्षणशास्त्रात 'उंचावरील बुडी' मानली जाते. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी कमी असल्याने तारकर्लीची कोष्टके जशीच्या तशी येथे लागू करता येत नाहीत. गोड्या पाण्याची घनताही कमी असल्याने शरीरावर बांधावयाच्या वजनाचा हिशेब बदलतो.

तापमानाचा प्रश्न याहून वेगळा आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. 4,200 मीटरहून अधिक उंचीवरील, हिवाळ्यात गोठणाऱ्या पँगाँगसारख्या सरोवरात थंडीचा धोका पाण्यातच असतो. परभणीत उन्हाळ्यातील धोका बहुतांशी काठावर असतो. 45 अंशांच्या उन्हात जाड रबरी पोशाख चढवून ताटकळणाऱ्या पाणबुड्यास बुडीपूर्वीच उष्माघात होऊ शकतो. उन्हात 60 अंशांपर्यंत तापलेल्या टाकीवर 200 बार दाब दिसत असेल, तर 27 अंशांच्या पाण्यात तो सुमारे 180 बारवर येतो. म्हणजे श्वासासाठी गृहीत धरलेल्या हवेचा दहावा हिस्सा प्रत्यक्षात नसतोच. हिवाळ्यात याउलट पाण्यातून बाहेर आल्यानंतर ओल्या अंगाला वारा लागून शरीराची उष्णता झपाट्याने घटते.

संस्था आणि उत्तरदायित्व

2 ऑगस्ट 2016 रोजी महाडजवळ सावित्री नदीवरील पूल कोसळला, तेव्हा शोधकार्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, तटरक्षक दल व नौदलाचे पाणबुडे उतरले. समुद्रकिनारा जवळ असलेल्या रायगडला हे शक्य झाले. मराठवाड्यातील दुर्घटनेच्या ठिकाणी प्रशिक्षित पथक पोहोचेपर्यंत मोलाचे तास निघून जातात. तोवर पाण्यात उतरतो तो स्थानिक मच्छीमारच. त्याच्याजवळ प्रवाहाची, गाळाची व झाडाझुडपांत अडकलेल्या जाळ्यांची जाण असते. टाकी, दोरीवाला साथीदार आणि विमा मात्र बहुधा नसतो. दुसरीकडे तारकर्ली येथे 2015 मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था सुरू झाली. राज्यात आधुनिक ज्ञान आहे व परंपरागत ज्ञानही आहे. मात्र दोहोंची भेट व्हावयाची आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, परभणीसारख्या जिल्ह्यात पाणबुड्यांच्या प्रशिक्षणाकडे पर्यटन किंवा क्रीडा म्हणून पाहणे पुरेसे नाही. धरणे बांधून शासनाने पाणी खोल केले. त्या खोलीत उतरणाऱ्याच्या सुरक्षेची जबाबदारीही त्याबरोबरच येते. उंची, गोडे पाणी, गढूळपणा व काठावरील तापमान यांचा विचार करून अभ्यासक्रम आखला जावा, त्यात भोई-कोळी समाजातील तरुणांना अग्रक्रम मिळावा आणि त्यांच्याकडील मौखिक ज्ञानाची महाविद्यालयीन स्तरावर नोंद व्हावी. इतिहास, भूगोल व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन हाती घ्यावे असे हे काम आहे.