झाडीपट्टीतला हशा कोणाचा?

छोट्या पडद्यावर विनोदी अभिनेत्रीला उशिरा मान मिळाला, याचं खापर वाहिन्यांवर फोडणं सोपं आहे. गोंदियाकडच्या धानपट्ट्यातली, म्हणजे झाडीपट्टीतली, रंगभूमी पाहिली, तर दुखणं जुनं दिसतं. धान घरात आलं की मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. पण या नाटकांआधीच्या दंडार, खडी गंमत या लोकनाट्यांत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा; लुगडं नेसलेला नाच्या ठुमकला की हशा त्याचा. नाटकाने पुढे खरी बाई मंचावर आणली, तरी हसवणं हे पुरुषाचं काम हा समज सुटला नाही. टीव्हीवरही तेच: २०१४ साली ‘चला हवा येऊ द्या’ हा विनोदी कार्यक्रम आला, तेव्हाही साडी नेसून हशा घेणारे भाऊ कदम आणि सागर कारंडे; त्यांच्यात ठसठशीत बाई एकच, श्रेया बुगडे.

कोणी म्हणेल, स्त्रीवेष ही कलाच आहे. आहेच, आणि अवघडही! पण त्यातला विनोद बहुधा बाईवर असतो, बाईचा नसतो. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमात विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव यांनी तो बाईचा केला. ‘कबीर सिंग’ चित्रपटात ग्लास फोडून पळणारी मोलकरीण झालेली वनिता खरातही तिथेच घरोघरी पोचली. रात्रभर प्रेक्षक जागवणाऱ्या अभिनेत्री झाडीपट्टीत आजही आहेत. वाहिन्यांनी पुढची निवडचाचणी तिथल्याच अर्जुनी मोरगावला घ्यावी.