छोट्या नाट्यगृहात जागा कशी निवडावी

ग्वाल्हेरमध्ये मराठी नाटक म्हटले की दालबाजारातील आर्टिस्ट्स कंबाइनचे नाट्यमंदिर आठवते. अशा लहान नाट्यगृहात कुठेही बसले तरी दिसते, असा आपला समज असतो. दिसते खरे, पण संवाद नीट ऐकू आले नाहीत तर नाटक हातचे जाते. असे दोन-चारदा झाले की घरातील ज्येष्ठ मंडळी नाटकाला येणेच सोडतात. म्हणून जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

अंतर : नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मध्यम नाट्यगृह ६४ हात लांब व ३२ हात रुंद सांगितले आहे. त्यातील निम्मी लांबी, म्हणजे सुमारे १४-१५ मीटर, प्रेक्षकांसाठी असते. गृह याहून मोठे झाले तर शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असे कारणही तेथे दिले आहे.

रांग : पहिल्या दोन रांगांत मान वर करून बसावे लागते. रंगमंचाच्या मागच्या भागातील पात्रांचे पाय दिसत नाहीत, आणि दोन पात्रे दोन टोकांना असली की मान सारखी फिरवावी लागते. बहुतेक नाटकांसाठी चौथ्या ते आठव्या रांगेतील मधल्या खुर्च्या उत्तम. नृत्याचा कार्यक्रम असल्यास थोडे मागे बसावे, पदन्यास नीट दिसतो.

कडेच्या खुर्च्या : येथून नेपथ्याचा जवळचा भाग झाकला जातो आणि समोरच्या विंगेतील माणसे दिसतात. ध्वनिक्षेपक जवळ असल्यास आवाज कानावर आदळतो.

संगीत नाटक : ऑर्गन आणि तबला बहुधा रंगमंचाच्या पुढे किंवा कडेला असतात. त्यांच्या अगदी लगत बसल्यास वाद्ये गाण्यावर चढतात. मध्यभागी दोन्हींचा मेळ बसतो.

बाल्कनी : खोल बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांत आवाज दबतो. त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग बरी.

कमी ऐकू येत असल्यास : तिसरी ते पाचवी रांग घ्यावी. नटांचे ओठ दिसले की शब्द समजायला मदत होते. उजव्या कानाने चांगले ऐकू येत असेल, तर रंगमंचाकडे तोंड करून डाव्या हाताच्या भागात बसावे, म्हणजे तो कान रंगमंचाकडे राहतो. डावा कान चांगला असल्यास याच्या उलट. गुडघे दुखत असतील तर वाटेलगतची खुर्ची सोयीची.

लहान मुले सोबत असल्यास : दाराजवळची, कडेची जागा घ्यावी. मूल रडू लागले तर कोणाला न उठवता बाहेर जाता येते.

आजी-आजोबांना मान म्हणून आपण पहिल्या रांगेत बसवतो. त्यांच्यासाठी चौथ्या-पाचव्या रांगेतल्या खुर्च्या राखणे अधिक चांगले. कुटुंबातील एकाने पहिल्या घंटेपूर्वी पोचून एवढे केले, तरी पुरेसे आहे.