प्राण्याचा दाखला : कोल्हापूरच्या चित्त्यांपासून घरच्या कुत्र्यापर्यंत

कोल्हापूर संस्थानात चित्त्याकरवी काळविटाची शिकार करण्याची प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत टिकून होती. राजर्षी शाहू महाराजांच्या (1874-1922) पश्चात गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळातही चित्ते पाळले जात, आणि त्यांना माणसाळवणाऱ्या, बैलगाडीत बसवून माळावर नेणाऱ्या व सावज टप्प्यात येताच डोळ्यांवरची टोपी काढून मोकळे सोडणाऱ्या जाणकारांना चित्तेवान म्हणत. चित्ता माणसाळतो लवकर, मात्र बंदिवासात त्याची वीण जवळजवळ होतच नसे. मुघल बादशहाच्या पदरी शेकडो चित्ते असूनही जहांगिराने पिल्ले झाल्याची जी एकमेव नोंद केली, ती नवल म्हणूनच. परिणामी प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे, आणि हिंदुस्थानातील रानातून तो नाहीसा होऊ लागला, तेव्हा कोल्हापूर व भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेकडे मोर्चा वळवला. 1918 ते 1945 या काळात आफ्रिकेतून सुमारे दोनशे चित्ते आणले गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

संस्थानाचा कारभार छत्रपतींच्या हाती असला, तरी कोल्हापूरला समुद्र नव्हता आणि मुंबईसारखी बंदरे ब्रिटिशांच्या ताब्यात होती. त्यामुळे परदेशातून येणारा प्राणी बहुधा आधी ब्रिटिश जकातखात्यापुढून जाई आणि मगच पुढचा प्रवास करी, ज्यासाठी 1891 पासून मिरज-कोल्हापूर लोहमार्ग उपलब्ध झाला होता. जकातीच्या दृष्टीने प्राणी हा माल होता, आणि मालाच्या कागदात विचारले जाते ते इतकेच, की धाडणारा कोण, घेणारा कोण, नग किती आणि किंमत किती. जनावर आजारी आहे काय, हा प्रश्न त्या कागदाच्या कक्षेत नव्हता.

तो प्रश्न वेगळ्या वाटेने आला. 1898 साली हिंदुस्थान सरकारने पशुधन आयातीचा कायदा केला, ज्यान्वये संसर्गजन्य रोगाची बाधा होऊ शकणाऱ्या जनावरांच्या आयातीवर नियंत्रण वा बंदी घालण्याचा अधिकार सरकारकडे आला. कायद्याचा रोख घोडे, गुरे, उंट आणि मेंढ्या यांच्यावर होता, आणि ते स्वाभाविकच होते, कारण लष्कराचा व शेतीचा गाडा याच जनावरांवर चाले आणि ग्लँडर्ससारखा घोड्यांचा रोग एका तबेल्यातून दुसऱ्या तबेल्यात सहज पसरे. पशुरोगांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी पुण्यात 1889 मध्ये सरकारी प्रयोगशाळा निघाली होती आणि मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून चालू होते. रोग ओळखणारी विद्या आणि त्यावर बेतलेला कायदा ही दोन्ही एकाच पिढीची अपत्ये होत. कुत्रा-मांजर मात्र त्या कायद्याच्या मूळ शब्दांत नव्हते. घरी पाळलेला प्राणी ही खासगी हौस, तिच्याशी सरकारचा काय संबंध, अशीच एकंदर समजूत दिसते.

इंग्लंडात उलट स्थिती होती. पिसाळलेल्या कुत्र्यांचा उपद्रव मोडण्यासाठी तेथे 1897 साली बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध आले, पुढे सहा महिन्यांचे सक्तीचे विलगीकरण, म्हणजे प्राण्याला ठरावीक मुदत वेगळे ठेवणे, रूढ झाले, आणि ते थेट 2000 साली शिथिल झाले. हिंदुस्थानातून निवृत्त होऊन मायदेशी परतणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याला आपला कुत्रा सोबत न्यायचा झाल्यास बोटीच्या तिकिटापेक्षा हीच अट अधिक जड वाटत असावी.

स्वातंत्र्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1976 पासून भारताने मान्य केलेला सायटीस हा आंतरराष्ट्रीय करार, ज्यायोगे दुर्मीळ प्राणी व वनस्पती यांच्या देशोदेशींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन येते, यांमुळे चित्ता धाडणे ही खरेदी-विक्रीची बाब न राहता शासनाशासनांतील वाटाघाटीची बाब झाली. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून कुनो येथे आठ चित्ते आले ते अशाच करारान्वये, आणि त्यांनाही आधी विलगीकरणात राहावे लागले. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा देशी पोपटही याच वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आज कोल्हापूरहून परदेशी, समजा युरोपात, स्थायिक होणाऱ्या कुटुंबाला कुत्रा न्यायचा असेल, तर युरोपीय महासंघाच्या नियमांनुसार आधी त्वचेखाली पंधरा अंकी सूक्ष्म चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, असा क्रम पाळावा लागतो. रक्तात दर मिलिलिटरमागे किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्ये, आढळावी लागतात. क्रम उलटला, म्हणजे लस आधी आणि चिप नंतर झाली, तर ती लस टोचलेला प्राणी हाच, हे सिद्ध करण्यास आधार उरत नाही व लसीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. मालाच्या कागदाने कधी न विचारलेला ओळखीचा प्रश्न येथे सर्वांत आधी विचारला जातो. कोल्हापूरला 1939 पासून विमानतळ असला, तरी निर्यातीचा आरोग्य दाखला देणारे केंद्र सरकारचे प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवा केंद्र तेथे नाही, त्यामुळे कागदपत्रांसह प्राण्याला मुंबईसारख्या, असे केंद्र असलेल्या शहराचा रस्ता धरावा लागतो. तेच कुटुंब पुढे कुत्र्यासह मायदेशी परतले, तर आधी याच सेवेचे ना-हरकत पत्र लागते, आणि मुंबईत उतरल्यावर त्या कुत्र्याची तपासणी होते ती 1898 च्याच कायद्याच्या आधाराने.