परदेशातला फोन कोनला कसा पोचला



संपादक मंडळाने मला ‘बोटीवरचे अनुभव’ लिहायला सांगितलं होतं. बावीस वर्षं इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून काढली, तेव्हा वादळं आणि बंदरं आहेतच. पण माझ्या नोकरीतला खरा अनुभव समुद्राचा नव्हे, घरी फोन लावण्याचा आहे. आपल्या तुकडीतले निम्मेअधिक जण कधी ना कधी घरापासून लांब राहिले. कुणी आखातात, कुणी अमेरिकेत, कुणी माझ्यासारखे पाण्यावर. तेव्हा हा थोडा आपला सगळ्यांचाच इतिहास आहे.

मुळापासून सुरू करतो. परदेशाशी बिनतारी बोलण्याची सुरुवात आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातून झाली, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तिची केंद्रं पुणे जिल्ह्यात होती : संदेश सोडायचं खडकीला, पकडायचं दौंडला. १९३३ मध्ये त्याच मार्गाने लंडनशी बोलता येऊ लागलं. पुढे १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाचं भूकेंद्र उभं राहिलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं.

उपग्रहाच्या फोनची गंमत ज्यांनी अनुभवली त्यांना आठवेल. उपग्रह वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर. आवाज वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद, आणि उत्तर यायला तेवढाच वेळ पुन्हा. आपण ‘कशी आहेस?’ विचारायचं, पलीकडे शांतता, म्हणून परत ‘हॅलो’ म्हणायचं आणि नेमकं त्याच वेळी उत्तर यायचं. दोघंही थांबायचे, दोघंही एकदम सुरू व्हायचे. माझी आई फोन ठेवल्यावर म्हणायची, “आज तो रागावलेला वाटला.” मी रागावलेलो नसायचो, आवाज वाटेत असायचा.

ही झाली तंत्राची बाजू. खरी अडचण पैशाची होती. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पळस्प्याच्या पुढे, आपल्या कोनच्या नाक्यावर एसटीडी-आयएसडी-पीसीओची पिवळी पाटी लागली ती नव्वदीच्या सुरुवातीला. काचेची खोली, आत एक स्टूल आणि डोळ्यासमोर पळणारे लाल आकडे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, म्हणून जेवणं उरकून रांग लागायची. परदेशी बोलणं मात्र मिनिटाला पन्नास रुपयांच्या वर जायचं, तेही साध्या कामगाराची दिवसाची मजुरी तेवढी नसताना. माणसं आकड्यांकडे बघत बोलायची, त्यामुळे महत्त्वाचं आधी सांगण्याची सवय लागली. वडील गेल्याची बातमी मला चाळीस सेकंदांत मिळाली. भावाने तीनच वाक्यं बोलून फोन ठेवला. त्याचा दोष नव्हता, त्याच्या खिशात तेवढेच होते. बोटीवरून उपग्रहाने उलट फोन करायचा तर मिनिटाला काही डॉलर, तोही कॅप्टनच्या परवानगीने.

आता मुद्द्यावर येतो. टेलिफोनच्या जुन्या व्यवस्थेत तुम्ही बोलत असेपर्यंत एक अख्खी वाट तुमच्या नावावर राखून ठेवलेली असते. गप्प बसलात तरी ती तुमचीच, म्हणून मिनिटाचे आणि अंतराचे पैसे. इंटरनेटवर तसं नसतं. आवाजाचे साधारण वीस मिलिसेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि सोडून द्यायचे. ते पनवेलला जातात की पनामाला, याने सोडणाऱ्याचा खर्च बदलत नाही. १९९५ च्या फेब्रुवारीत व्होकलटेक या इस्रायली कंपनीने संगणकावरून असं बोलण्याचा पहिला बाजारी प्रोग्रॅम आणला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे दोन्ही गोष्टी जन्माने जुळ्या. पण विदेश संचार निगमचं उत्पन्नच परदेशी फोनवर चालायचं आणि त्याच्याकडे मक्तेदारी होती. ती ३१ मार्च २००२ ला संपली आणि दुसऱ्याच दिवशी, १ एप्रिलला, सरकारने इंटरनेटवरून बोलायला परवानगी दिली.

परवानगी कशी, तर अर्धं दार उघडं. संगणकावरून संगणकावर बोला, चालेल. भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनवर बोला, तेही चालेल. पण इंटरनेटवरून भारतातल्या लँडलाइनवर किंवा मोबाइलवर बोलायचं नाही. आमच्यासारख्यांना नेमकं तेच हवं होतं! मग लोकांनी आडवाटा काढल्या. दुबईहून फोन यायचा आणि पडद्यावर आपल्याकडचाच कुठला तरी अनोळखी नंबर दिसायचा. मधे कुणीतरी बेकायदा यंत्रं बसवून इंटरनेटवर आलेला आवाज स्थानिक फोनमध्ये सोडत असे. पोलीस अधूनमधून ती पकडत आणि आठवडाभर गावातले फोन महाग होत.

वायफाय फोनचा प्रवेश इथे झाला. वायफाय हे नाव १९९९ चं. आपल्याकडे त्या लहरी वापरायला परवाना लागायचा, तो २००५ च्या जानेवारीत काढून टाकला गेला. २००३ मध्ये स्काइप आलं होतं, पण त्यासाठी संगणक चालू करा, हेडफोन लावा हे सगळं करावं लागे. आमच्या आईने ते कधीच केलं नसतं. २००५-०६ च्या सुमारास मात्र हुबेहूब मोबाइलसारखे दिसणारे फोन निघाले. त्यात सिमकार्ड नाही. घरातल्या राउटरला जोडायचे आणि इंटरनेट कॉलिंग सेवेचं खातं त्यात घालायचं. चालू झाला की तो त्या कंपनीच्या सर्व्हरला जाऊन सांगतो, ‘मी इथे आहे.’ मग तुमच्या खात्यावर आलेला फोन तो जिथे असेल तिथे वाजतो. तारेला बांधलेला नंबर पहिल्यांदाच सुटा झाला. शिवाय दोन्ही टोकांना इंटरनेटचंच साधन असल्याने नियमाच्या अर्ध्या बंद दारालाही धक्का लागत नव्हता.

अमेरिकेत व्होनेज कंपनीने २००५ मध्ये असा एक हँडसेट विकायला काढला. त्याआधीपासून तिचा एक छोटा डबा मिळायचा. त्याला साधा फोन जोडला की इंटरनेटवरून चालायचा. आपल्या वर्गातली एक मैत्रीण न्यू जर्सीला असते. तिने तो डबा आईवडिलांना पनवेलला आणून दिला होता. न्यू जर्सीचा नंबर आणि फोन वाजायचा पनवेलच्या दिवाणखान्यात, गणपतीच्या फोटोखाली! २००९ मध्ये त्याच कंपनीने महिन्याला पंचवीस डॉलरच्या आत, भारतासह साठेक देशांत हवं तेवढं बोला अशी योजना आणली. ज्या लोकांनी चाळीस सेकंदांत मरण सांगितलं होतं, ते आता कुकरच्या शिट्ट्या मोजत बसले होते.

मी २००६ च्या शेवटी दोन वायफाय फोन घेतले, एक माझ्याकडे, एक आईसाठी. भावाने घरी ब्रॉडबँड घेतलं होतं, २५६ केबीचं. फोन फार चांगले होते असं म्हणणार नाही. बॅटरी दिवसभरात संपायची. एका राउटरच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात चालत गेलं की बोलणं तुटायचं. बंदरातल्या खलाशांच्या क्लबात फुकट वायफाय असायचं, पण आधी ब्राउझरमध्ये पासवर्डचं पान उघडायला लागे आणि माझ्या फोनमध्ये ब्राउझरच नव्हता. कधी माझा आवाज घरी जायचा, घरचा मला यायचा नाही. राउटर बाहेरून येणाऱ्या तुकड्यांना अनोळखी समजून परतवत असे. ते दुरुस्त करायला मला, या धंद्यातल्या माणसाला, दोन सुट्ट्या लागल्या. पण एकदा जमलं आणि आईने पहिल्यांदा मला तासभर काहीच महत्त्वाचं नसलेलं सांगितलं. शेजारच्यांची म्हैस व्यायली, पावट्याला कीड लागली, अमक्याच्या लग्नात वरण पातळ होतं. मी बेल्जियममधल्या एका क्लबात भिंतीला टेकून ऐकत होतो.

वायफाय फोन नावाची वस्तू फार टिकली नाही. साध्या मोबाइलमध्येच वायफाय आलं आणि स्वतंत्र यंत्राची गरज संपली. २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलणं आणि २०१६ च्या नोव्हेंबरात बघून बोलणं सुरू झालं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं आणि नाक्यावरचा बूथ मोबाइल रिचार्जचं दुकान होऊन मग बंदच पडला. कायद्याचं दार मात्र सावकाश उघडलं. ट्रायने २००८ मध्येच पूर्ण मोकळीक द्या म्हटलं होतं. प्रत्यक्षात बीएसएनएलने ‘विंग्ज’ ही दहा आकडी नंबरची इंटरनेट फोनसेवा जाहीर केली ती २०१८ च्या जुलैत. तोवर लोकांनी वाट बघणं सोडून दिलं होतं. आखातात आणखी वेगळं. सौदीने २०१७ च्या सप्टेंबरात बंदी उठवली. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून बोलणं बंदच राहिलं, पैसे भरून बोटिमसारखं ॲप घ्यावं लागे. आपल्या तुकडीतल्या दुबईकरांना ग्रुप कॉलवर नेहमी गैरहजर का म्हणून कुणी टोमणा मारू नये.

ग्रुप कॉलवरून आठवलं. आपल्या गावात एमएमआरडीएच्या इमारती आहेत. २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी त्यातल्या २,४१७ घरांची सोडत निघाली. कामगार राहायला येण्याआधीच २०२० साल आलं आणि तिथे कोरोनाचं विलगीकरण केंद्र झालं. आपल्या मराठीच्या बाई तिथे होत्या. माझ्या घरापासून चालत जाण्याएवढं अंतर. मी तेव्हा रजेवर होतो, गच्चीवरून त्या इमारती दिसायच्या, पण गेटपर्यंतही जाता येत नव्हतं. सगळा समुद्र फिरून आलो, इतकं लांबचं अंतर कुठे भेटलं नाही.

व्हॉट्सॲपने त्याच एप्रिलमध्ये ग्रुप कॉलची मर्यादा चारावरून आठ केली होती. म्हणून बाईंबरोबर आपण सात-सात जण धरून पाळ्या लावल्या. पहिल्या दिवशी सगळे एकदम बोलू लागले. बाई धापा टाकत म्हणाल्या, “एकेकाने बोला रे. मी हजेरी घेते.” आणि खरंच घेतली, दहावीच्या हजेरीपटाच्या क्रमाने, एक नाव न चुकता. सातव्या नावानंतर दम लागला म्हणून थांबल्या. उरलेल्यांची हजेरी दुसऱ्या दिवशी. गच्चीवर उभा राहून मी ‘हजर’ म्हणालो, तेव्हा माझा आवाज कुठल्या देशातल्या सर्व्हरला वळसा घालून समोरच्या इमारतीत गेला असेल कोण जाणे. बाई सुखरूप घरी आल्या. हे वाचतीलच, आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ तपासतील.

बोटीवर आता बरीच सुधारणा झाली आहे. खलाशांना इंटरनेट मिळालं पाहिजे असं आंतरराष्ट्रीय करारातच आलं, ते डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरूनच फिरतात, त्यामुळे तो जुना पाव सेकंद गेला. माझा पुतण्या बोटीवर आहे, तो रोज जेवताना घरी व्हिडिओ लावतो. त्याची आई म्हणते, रोज काय बोलायचं ते सुचत नाही. स्काइप २०२५ च्या ५ मेला कायमचं बंद झालं.

आईचा वायफाय फोन कपाटात सापडला. बॅटरी फुगलेली आहे, पण तारेवर चालू होतो आणि पडद्यावर सेवा शोधत राहतो. संमेलनाला घेऊन येतो, प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवायला. कुणाकडे बूथवरची बिलाची चिठ्ठी उरली असेल तर तीही आणा. शाई उडालेली असली तरी चालेल.