जुनीं वस्त्रें, जुनीं भांडीं आणि त्यांचे संग्राहक

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याचा प्रघात आहे. देवळाची कोनशिला केव्हां बसली, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरू येथें सेवा करून गेले, ह्याची नोंद दप्तरांत असते, व अशा पुस्तकांतील बहुतेक पानें तिच्याच आधारें भरतात. परंतु ज्या माउल्यांनीं त्या देवळांत गुडघे टेकले त्यांचें लुगडें कसें होतें, तें कोणीं विणलें, त्यांच्या ओटीवर कोणता दिवा जळत असे, हें बाप्तिस्म्याच्या वहींत सांपडत नाहीं. तें त्या वस्तूंच सांगूं शकतात. आणि त्या राहिल्या तरच. म्हणून अशा वस्तू जपून ठेवणारांचा थोडासा इतिहास वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या बाबतींत महाराष्ट्रांत प्रथम आठवतें तें पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचें नांव. त्यांचा जन्म १८९६ सालीं झाला. घरचा धंदा चष्म्यांचा, परंतु मनाची ओढ काव्याकडे. ‘अज्ञातवासी’ ह्या टोपण नांवानें ते कविता लिहीत. सुमारें १९२० पासून त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. राजांच्या तलवारी आणि सरदारांचीं चित्रें जमविणारे पुष्कळ असतात. केळकरांची दृष्टि मात्र देवघर, माजघर व स्वयंपाकघर ह्यांकडे वळली. दिवे, अडकित्ते, पाय घासण्याच्या वज्र्या, दौती, कुलुपें, फण्या, कुंकवाचे करंडे, वाद्यें, कोरीव दरवाजे, भरतकामाचीं वस्त्रें, असें जें जें सामान्य कारागिराच्या हातून घडलें तें तें त्यांनीं देशभर हिंडून गोळा केलें. रॉकेलचे कंदील व मागाहून वीज आल्यामुळें घरोघरचे पितळी दिवे मोडींत निघूं लागले होते, हा काळ ध्यानांत घेतला म्हणजे त्या खटपटीचें मोल कळतें. पत्नी कमलाबाई यांची त्यांना मोठीच साथ होती. त्यांचा राजा नांवाचा मुलगा लहानपणींच वारला. पुढें त्याच्याच नांवानें हा संग्रह ओळखला जाऊं लागला. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा ठेवा केळकरांनीं विकला नाहीं, तर महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० सालीं ते निवर्तले. पुण्यास बाजीराव रस्त्यानजीक ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ उभें आहे.

कापडाची गोष्ट पितळेहून नाजूक आहे. पितळेस घांसलें कीं तें उजळतें. कापडास ओल, कसर व ऊन हे तीन शत्रु. शिवाय चौथा शत्रु माणूस. पैठणीच्या पदरावरील मोर व कमळें निरनिराळ्या रंगांच्या लहान लहान कांड्यांनीं, धाग्यांत धागा अडकवून विणीत. त्यामुळें पदर दोन्ही अंगांनीं सारखाच दिसतो. त्यास महिनेच्या महिने लागत. परंतु जुन्या जरींत खरी चांदी असे, म्हणून जीर्ण वस्त्र जाळून ती काढून घेण्याची चाल पडली. म्हणजे वस्त्र जितकें मोलाचें, तितकें त्याच्या नाशास निमित्त अधिक! आणि जें साधें सुती, त्याची गोधडी झाली अथवा तें बोहारणीच्या गांठोड्यांत गेलें.

पोर्तुगीज अमदानींतील एक उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत बंगालमधील सातगांवच्या बाजूस पोर्तुगीजांसाठीं मोठमोठ्या रजया भरल्या जात. सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचे टांके, आणि त्यांत शिकारीचे देखावे, जहाजें, तसेंच शलमोन राजाच्या न्यायासारखे जुन्या करारांतील प्रसंग. हात बंगालचे, कथा पवित्र शास्त्रांतील! त्या रजया आज पाहावयाच्या तर लिस्बन, लंडन व बोस्टन येथील संग्रहालयांची वाट धरावी लागते. ज्यांनीं त्या भरल्या त्यांचीं नांवें मात्र कोठेंच उरलीं नाहींत.

आपल्या देशांतही पुढें जागृति झाली. १९४९ सालीं अहमदाबादेस साराभाई कुटुंबांतील गौतम व गिरा ह्या भावंडांनीं कॅलिको वस्त्रसंग्रहालय स्थापिलें. ज्या शहरांत गिरण्यांचीं यंत्रें रात्रंदिवस चालत होतीं, त्याच शहरांत गिरणीवाल्यांनीं हातमागाचें कापड जपावें, हें मनन करण्याजोगें आहे. गोव्यांत १९९४ सालीं राशोलच्या सेमिनारींत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय उघडलें व पुढें तें जुन्या गोव्यांतील सांता मोनिकाच्या मठांत गेलें. मूर्ति, हस्तिदंती काम, चांदीचीं पात्रें आणि धर्मगुरूंचे भरजरी झगे तेथें पाहावयास मिळतात.

आतां आमच्या घरची गोष्ट, लाज वाटते तरी सांगतों. आमच्या आजीचें लाल चौकडीचें लुगडें पेटींत होतें. ती सणावारीं तें नेसून देवळांत जाई. तिच्या मागें आम्हीं तें बोहारणीस दिलें आणि एक स्टीलचें पातेलें घेतलें. पातेलें आजही आहे, परंतु नातींनीं विचारलें, “पणजी कशी नेसत असे?” तर दाखविण्यास आमच्यापाशीं कांहीं नाहीं. केळकरांनीं मोडींतून दिवे उचलले, आम्हीं पेटींतलें लुगडें मोडींत घातलें!

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी. प्रत्येक घरानें संग्रहालय उघडावें असें नाहीं. जी वस्तु आहे तिचें नांव आपल्या बोलींत लिहून ठेवावें; ती कोणाची, कोणत्या प्रसंगाची, कोठें घेतली, हें वडील माणसें आहेत तोंच विचारावें. नोंद नसलेली वस्तु मुकी असते. रेशमी वस्त्र धुतलेल्या सुती कापडांत गुंडाळावें, प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. वर्षांतून दोनदां सावलींत वारा द्यावा व घडी बदलावी, नाहीं तर जरीच्या भारानें घडीवरच रेशीम तुटतें. आणि दुसऱ्याच्या घरची वस्तु आवडली तर ती मागून आणण्याआधीं, तिचें मोल त्या घरच्यांस समजावून द्यावें. ती तेथेंच राहिली तर अधिक बरें.

असो. पुढील ज्युबिली पाहणारे आज पाळण्यांत आहेत. देवळाचा इतिहास त्यांना दप्तरांत मिळेल. आपल्या पणज्यांचा इतिहास त्यांना मिळावा कीं नाहीं, हें आपल्या पेट्यांच्या किल्ल्या ज्यांच्या हातीं आहेत त्यांनींच ठरवावयाचें आहे.